बायनाबाईचे पेढे

समुद्र बायनाबाईनं कधी पाहिला नव्हता, पण तीस वर्षं ती तो विकत होती. ताडकळसच्या बाजारात मिरचीवाल्यांची ओळ संपते आणि बांगड्यावाल्यांची सुरू होते, त्या मधल्या जागेत तिचं बारदान अंथरलेलं असायचं. त्यावर बोंबलाचा ढीग, सुकट, जवळा, कधीमधी वाकट्या. जितके मासे तितक्याच त्यांच्यावर माशा. जाताना नाकाला पदर लावणारी माळकरी मंडळी येताना हळूच पावशेर बांधून न्यायची. ती कोण कोण, हे बायनाबाईनं कधी कुणाला सांगितलं नाही. एवढ्या एका गुणावर ती सरपंच झाली असती.

जन्म तिचा गंगाखेडचा. बाप गोदावरीत जाळं टाकायचा, त्यामुळं मरळ, वाम, कटला हे तिला भावकीसारखे ठाऊक. लग्न होऊन ताडकळसच्या दोन एकरवाल्या घरात आली. पुढं नवरा गेला, तेव्हा तिनं सुक्या मासळीचं टोपलं डोक्यावर घेतलं. नदीचा मासा तिला जिवंतपणी भेटलेला. समुद्राचा मात्र मेल्यावर, वाळल्यावर, मीठ लागल्यावरच भेटायचा. तरी त्या वाळक्या मालावरूनही ती समुद्राची तब्येत ओळखायला शिकली होती. पूर्वी बोंबील चांगला वीतभर असायचा. मग तो बोटभर झाला. मग पोत्यात बोंबलासोबत दुसरंच काहीबाही यायला लागलं. परभणीचे राधाकिशन शेठ, ज्यांच्याकडून ती ठोक माल उचलायची, ते म्हणायचे की दर्यात मासा राहिला नाही. बायनाबाईला वाटायचं, व्यापारी आहे, असंच म्हणणार.

तिची ख्याती होती ती वरच्या मुठीसाठी. वजन झालं, काटा स्थिर झाला, की ती शेजारच्या टोपलीत हात घालायची आणि एक मूठ गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकायची. तराजू देवाचा, वरची मूठ माझी, असं तिचं ठरलेलं वाक्य. फुकट ते पौष्टिक, हे कुणाला शिकवावं लागत नाही. बायका बोंबलापेक्षा त्या मुठीसाठी थांबायच्या. त्या टोपलीत पोत्यातून निवडून काढलेले अनोळखी मासे असायचे. त्यांना नावं नव्हती, म्हणून बायनाबाईनंच नावं ठेवली होती. चपटा तो आरसा, लांब नाकाचा तो तलाठी. या हिवाळ्यात उचललेल्या पोत्यात नवाच एक गोल, गुबगुबीत मासा आला. वाळूनही पोट फुगलेलं, कातडी खरखरीत, आणि पुढं आलेले दात. त्याचं नाव तिनं ठेवलं पेढा.

इथं एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, कारण ती बायनाबाईनं स्वतः बरेच दिवस सांगितली नाही. ते पोतं उचलताना शेठ तिला स्पष्ट म्हणाले होते, की यंदा माल मिसळ येतोय, वळखीचं नसेल ते फेकून द्या, कुणाला खायला देऊ नका. मान हलवून ती हाव म्हणाली. घरी येऊन तिनं ओट्यावर माल निवडला, पेढे वेगळे काढले, आणि फेकले नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात ती नऊ वर्षांची होती आणि सरकारी सुकडीच्या रांगेत उभी राहिलेली. खायची वस्तू फेकायला तिचा हात कधी वळलाच नाही. शेठला काय, तो पोत्यावर पोती फेकतो. तिनं पेढे टोपलीत टाकले.

त्यानंतरच्या पहिल्या बाजारी सुलाबाई आली. ही कॅनॉलच्या पलीकडं आखाड्यावर, शेतातल्या वस्तीवर राहायची. मुलगा शिवप्रसाद टोळीसोबत उसाला गेलेला, आणि सून मनिषा बाळंतपणामुळं मागं राहिलेली. वीस दिवसांची मुलगी होती. बाळंतिणीला दूध यावं म्हणून सुकट न्यायची, एवढंच सुलाबाईचं काम. पोरगी झाली म्हणून ती जरा दबकत बोलत होती, ते बायनाबाईला आवडलं नाही. तिनं टोपलीत हात घालून चांगले चार मोठे गोल मासे निवडले आणि पिशवीत टाकले. पोरगी झाली म्हणून काय झालं, आपण पेढेच वाटायचे, असं म्हणाली. दोघी हसल्या. हे बाळंतिणीलाच दे, तू खाऊ नको, असंही तिनं बजावलं.

दुपार कलल्यावर बाजार विरळ झाला. तेवढ्यात बसमधून भुजंग उतरला आणि पिशवी खांद्याला लावून थेट तिच्याकडं आला. भुजंग म्हणजे तिच्या भावाचा मुलगा, चाळिशीचा गडी. घरातले सगळे दर वर्षी कोयता घेऊन उसाला जायचे. यानं मात्र पाच वर्षांपूर्वी कोयता टाकला आणि कोकणात एका बंदरावर बोटीवर खलाशी म्हणून लागला. अख्ख्या घराण्यात समुद्र पाहिलेला तो एकटाच. जाळी फाटून बोट किनाऱ्याला लागली होती, म्हणून घरी निघालेला. आत्याला बारदान गुंडाळू लागावं म्हणून तो वाकला, आणि टोपलीत हात घालता घालता थांबला.

त्यानं एक पेढा दोन बोटांत धरून उचलला, दात बघितले, पोट दाबून बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "आत्या, ह्ये कुनाला दिलंस का?"

बायनाबाईनं सांगितलं, वरच्या मुठीत दिलेत की. त्यावर भुजंगच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. 

"ह्यो केंड हाय," तो म्हणाला. "ईख हाय ह्ये, आत्या. जाळ्यात आला तर आमी हात लावत न्हाई. शिजवून त्येचं ईख जात न्हाई, वाळवून बी जात न्हाई. मानूस बसल्या जागी लुळा पडतो अन् दम घ्यायचा थांबतो."

बायनाबाईच्या हातातून बारदान गळालं. कुणाकुणाला दिलं ते आठव, असं भुजंग पुन्हा पुन्हा म्हणत होता. ती आठवत होती, पण बाजारातली सगळी तोंडं एकमेकांत मिसळत होती. पेढे मोजकेच होते, दोघींनाच दिले, एवढं तिला ठाम वाटलं. एक कस्तुराबाई, मारुतीच्या देवळामागं राहणारी म्हातारी. आणि दुसरी सुलाबाई. सुलाबाईचं नाव तोंडातून निघालं आणि तिला बाळंतीण आठवली. टोपलीत उरलेले पेढे भुजंगनं रुमालात बांधले.

कस्तुराबाईचं घर वाटेवर होतं, म्हणून आधी तिथं धावले. म्हातारी दारात बसून वाती वळत होती. तिची एकादशी होती. मासे आजच आणून ठेवायचे पण खायचे उद्या, अशी तिनं देवाशी मांडवली केलेली. पुडी आढ्याला टांगलेली तशीच होती. भुजंगनं ती हिसकावून घेतली. म्हातारी मागून ओरडत राहिली, की दिलेलं परत घेतेस काय गं बायना, एवढी कशी हलकी झालीस.  पंक्चरवाल्याची मोटारसायकल मागून घेऊन भुजंगनं ती कॅनॉलच्या वाटेला लावली.

त्या दोन मैलांत बायनाबाईनं जेवढे देव आठवले तेवढे तिनं आयुष्यात आठवले नव्हते. ज्वारी कमरेएवढी आलेली, वाऱ्यानं सळसळ करायची, आणि तिला प्रत्येक वळणावर रडण्याचा आवाज आल्यासारखा वाटायचा. सुलाबाई सावकाश बाई आहे, चूल पेटवायला तिला घटकाभर लागतो, अजून मीठच धुवून काढत असेल, असं ती स्वतःला समजावत होती. पण बाळंतिणीला दिवस मावळायच्या आत जेवायला घालतात, हे तिलाही ठाऊक होतं. घरात सगळ्यांच्या आधी, गरम गरम, पहिलं ताट बाळंतिणीचं.

आखाड्यावर पोचले तेव्हा चुलीतला जाळ विझत आला होता. सुलाबाई बाहेर भांडी घासत होती. तिनं हसून या म्हटलं. बायनाबाई काही न बोलता आत घुसली. मनिषा बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. खाली जर्मनचं ताट पडलेलं, त्यात काटे आणि चार गोल डोकी चोखून ठेवलेली.

"मावशी, तोंड चुरचुरायलंय," मनिषा म्हणाली. "तिखट लय झालंय काय की. अन् बोटं माजी न्हाईतच असं वाटायलंय."

तिचे ओठ नीट हलत नव्हते. पोरगी भुकेनं रडायला लागली होती आणि मनिषा तिला पदराखाली घ्यायला बघत होती, पण हात उचलत नव्हता. बायनाबाईनं झडप घालून लेकरू तिच्या मांडीवरून ओढलं. विष दुधात उतरतं की नाही हे तिला माहीत नव्हतं, भुजंगलाही नव्हतं. मनिषा घाबरून बघत राहिली. सुलाबाई दाराशी येऊन विचारायला लागली, की झालंय काय, मीबी त्याच भगुण्यातलं कालवण खाल्लं, मला तर काही नाही झालं. भुजंगनं एका दमात सांगितलं. तिला त्यातलं किती कळलं देव जाणे. लेकरू तिच्या हातात देऊन, शेळीचं दूध पाज, आईचं नको, एवढं बजावून ते निघाले.

मोटारसायकलवर मनिषाला मधे बसवलं. मागून बायनाबाईनं तिला घट्ट कवळा घातला. आधी मनिषा भुजंगच्या शर्टाला धरून होती. कॅनॉलच्या पुलावर तिचे हात सुटले. रस्त्याला लागेपर्यंत तिची मान बायनाबाईच्या खांद्यावर पडली. ती काहीतरी बोलत होती, पण शब्द तोंडातच विरत होते. बायनाबाईनं तिच्या छातीवर तळवा दाबून धरला होता, आणि प्रत्येक श्वासाची वाट बघत होती. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. आपण एका तान्ह्या पोरीची आई मारली, हा एकच विचार तिच्या डोक्यात सारखा फिरत होता.

गावातल्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. भुजंगनं रुमालातला मासा टेबलावर ठेवला आणि नाव सांगितलं. तिनं असला मासा कधी पाहिला नव्हता, पण तिनं वेळ घालवला नाही. फोनवर शोधलं, परभणीला कळवलं, अँब्युलन्स मागवली. परभणीपर्यंत एक माणूस मनिषाच्या तोंडावर रबरी फुगा धरून तो दाबत होता. त्यानं दाबला की छाती वर यायची, सोडला की खाली जायची. बायनाबाईनं डोळे त्या फुग्यावरून काढले नाहीत. माणूस शिंकला तरी तिच्या काळजाचं पाणी व्हायचं.

परभणीच्या डॉक्टरांनी मनिषाला श्वासाच्या मशीनला लावलं. या विषाला उतारा नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. ते आपोआप उतरतं, तोवर मशीन श्वास घेईल. दोन दिवस तग धरला तर वाचेल.

सकाळी सुलाबाई आली. लेकरू शेजारणीकडं ठेवून, एका चुलतजावेला घेऊन. तिनं व्हरांड्यातच कपाळ बडवायला सुरुवात केली. चूक तिचीच होती, असं ती म्हणत होती. सूनबाईला तिनं आधी अळिवाची खीर दिली, चांगली वाटीभर दूध घालून, आणि घटकाभरात वर मासे वाढले. दुधावर मासा! लहान लेकराला विचारलं तरी सांगेल की असं देऊ नये. आपण तेच कालवण खाल्लं आणि आपल्याला काही झालं नाही, कारण आपण दूध प्यालो नव्हतो. हा तिचा पुरावा. चुलतजावेनं मान डोलावली. पलीकडच्या बाकावरच्या दोन अनोळखी बायकांनीही डोलावली. विषारी माशाचं डॉक्टर सांगत होते, पण डॉक्टर काय, सांगतातच. दुधावर मासा, हे सगळ्यांना पटलं.

बायनाबाई तिथंच बसलेली होती. तुझ्या सुनेला मी दिलेले चार मासे बाधले, तू ते मासे न खाता नुसतं घासभर कालवण खाल्लंस म्हणून वाचलीस, हे तिनं सांगायला हवं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण सुलाबाई तिच्याच गळ्यात पडून रडली, की तू धावत आलीस म्हणून निदान जीव तरी आहे. बायनाबाईनं तोंड मिटलं.

नंतर जिन्यापाशी तिनं भुजंगला शेठचं बोलणं सांगितलं. मला फेकायला सांगितलं होतं, ती म्हणाली, आणि मी फेकले नाहीत. भुजंगनं जिन्यावर कुणी आहे का ते वर-खाली बघितलं. मग म्हणाला, "हे आता कुनाला बोलू नको, आत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडलीस तर गावात राहू देनार न्हाईत."

तिनं विचारलं, हा मासा आला कुठून. इतकी वर्षं नव्हता. तेव्हा त्यानं जे सांगितलं ते ऐकून तिची भीती कमी व्हायच्या ऐवजी पसरली. केंड आधीही होता, पण थोडा. त्याला खाणारे मोठे मासे बोटींनी उपसून काढले, म्हणून याची पैदास मोकाट सुटली. पाणी पूर्वीपेक्षा तापलेलं असतं, हात घातला की कळतं. त्या पाण्यात बोंबील कमी येतो आणि हे झुंडीनं येतात, दातांनी जाळी कुरतडून टाकतात. खाडीच्या तोंडाशी चिखलात खारफुटीची झाडी होती, तिच्या मुळांत माशांची पिल्लं वाढायची. ती झाडी तोडून भराव घातला, आता पिल्लांना लपायला जागा नाही. किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या बायका पूर्वी एकेक मासा निवडायच्या. आता माल इतका थोडा येतो, की जे येईल ते वाळवतात आणि पोतं भरतात. तिथून ते कुठं जातं, कोण खातं, ते कुणालाच माहीत नसतं.

"म्हंजे अजून येनार?" तिनं विचारलं.

"येनारच की," तो म्हणाला.

त्या सकाळी नर्सनं एकेकाला आत सोडलं. बायनाबाईची पाळी आली. मनिषा सरळ पडली होती, तोंडात नळी, पापण्या अर्धवट मिटलेल्या. बोट हलत नव्हतं, पापणी हलत नव्हती. मशीन सुस्कारे टाकत होतं. मेलेल्या माणसापुढं बोलावं तसं बायनाबाई तिच्यापुढं बोलली. सगळं बोलली. शेठ काय म्हणाले ते, आपण हाव कसं म्हटलं ते, ओट्यावर पेढे निवडताना एकदा हात थांबला होता तेही. सासू तुझी स्वतःला दोष देतीय आणि मी देऊ देतेय, असंही म्हणाली. मला गावाची लय भीती वाटते गं, मी कुणाला सांगणार नाही, माफ कर मला. एवढं बोलून तिला हलकं वाटलं. पदरानं डोळे पुसून ती बाहेर आली आणि बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मनिषाचा अंगठा हलला. तिसऱ्या दिवशी नळी काढली. उसाच्या फडावरून शिवप्रसाद येऊन पोचला होता, तो व्हरांड्यात उभ्या उभ्या ढसाढसा रडला. सुलाबाईनं दर्ग्याला चादर बोलली, देवीला खण बोलला, जिथं जिथं जमेल तिथं नवस बोलला. बायनाबाईला वाटलं, सुटलो.

चौथ्या दिवशी मनिषानं तिला बोलावलं. ती वॉर्डात उशीला टेकून बसली होती. लेकराला घेऊन आलेल्या सासूला त्याचं दूध गरम करायला पाठवलं, नवऱ्याला चहाला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मावशी, मशीन लागलं तवा मला समदं ऐकू यायचं."

 बायनाबाईनं खाटेची कड धरली.

"डोळं उघडत नव्हतं, बोट हलत नव्हतं. तुमी मला मेली समजून बोलत होत्या. मला ओरडायचं होतं की मी हाय." मनिषा थांबली, तिला दम लागला. "मी कुनाला सांगनार न्हाई. पन सासूबाई गावात तोंड दाखवंना झाल्यात. तुमी सांगा."

एवढंच. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बायनाबाईला सोपं गेलं असतं.

त्यानंतरचे दिवस बायनाबाईनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. गावात तर सुलाबाईचीच चर्चा होती. सुनेला दुधावर मासा चारला, पोरगी झाली म्हणून मुद्दामच चारला असेल, इथवर गोष्ट गेली. हातपंपावर कुणी असं बोललं की बायनाबाई घागर अर्धीच भरून परतायची. सांगावं म्हणून ती दोनदा आखाड्याच्या वाटेला लागली आणि दोनदा कॅनॉलवरून माघारी फिरली. तिला कळत नव्हतं की तिला नेमकी भीती कशाची वाटते. गिऱ्हाइकं तुटतील याची? म्हणायला तसं. पण खरी भीती ही होती, की तीस वर्षं ज्या हाताला लोक दाता म्हणायचे त्या हाताकडं आता कसे बघतील.

बाजाराचा दिवस उजाडला. ती गेली, पण बारदानावर तिनं काहीच मांडलं नाही. बायका येऊन विचारायला लागल्या की माल कुठंय. दहाबारा जमल्या तेव्हा ती उठून उभी राहिली.  

"सुलाबाईनं काय बी केलं न्हाई," ती म्हणाली. "तिच्या सुनंला माज्या मुठीनं बाधलं. तो गोल मासा, पेढा म्हनायची मी त्येला, तो ईख हाय. मला शेठनं आधीच सांगितलं व्हतं फेकून द्यायला. मी फेकला न्हाई. दोघींना दिला."

 मिरचीवाला तोलता तोलता थांबला. एक बाई मागं सरकली, तिला बघून दुसरी सरकली. बायनाबाई ज्याला भीत होती ते हेच, आणि ते आता तिच्यासमोर घडत होतं. पण ते पुरतं घडायच्या आत घोळक्यातून नर्मदाबाई पुढं आली. वेशीजवळच्या घरची, चार माणसांत कधी आवाज न चढवणारी बाई. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"दोघींना न्हाई," ती म्हणाली. "मलाबी दिला व्हतास. तू कुनाशी तरी बोलत व्हतीस, तसंच माज्या पिशवीत टाकलास. डब्यात व्हता तो. आज सकाळी मी सुनंला भिजू घालायला सांगून आले."

तिनं हातातली भाजीची पिशवी तिथंच टाकली आणि धावत सुटली. बायनाबाई तिच्या मागं धावली. साठी उलटलेल्या दोन बायका भर बाजारातून धावत चालल्या होत्या, आणि लोक बाजूला होत होते. वेशीपर्यंतची वाट बायनाबाईला कॅनॉलच्या वाटेपेक्षा लांब वाटली. तिच्या छातीत कळ येत होती, पण थांबायची हिंमत नव्हती. दोन म्हटलं होतं तिनं. भुजंगला ठासून दोन म्हटलं होतं.

दार उघडंच होतं. राजेश्री, नर्मदाबाईची सून, चुलीपुढं बसली होती. कढईत तेल तापलेलं, कांदा लाल होत आलेला. तिच्या उजव्या हाताला पाण्याची परात होती. परातीत बोंबलाच्या तुकड्यांमधे तीन गोल मासे भिजून टम्म फुगले होते. राजेश्रीनं त्यातला एक उचलून पिळायला घेतला होता.

बायनाबाईनं तिचा हात धरून मासा काढून घेतला, मग परातीतले दोन्ही उचलले. तिन्ही मुठीत घट्ट धरून ती खाली बसली. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. राजेश्री सासूकडं बघत राहिली. नर्मदाबाईनं कढई चुलीवरून उतरवली, फडक्यानं हात पुसले, आणि सावकाश विचारलं, "ह्ये ईख हाय हे तुला कवा कळलं?"

"त्याच दिशी," बायनाबाई म्हणाली. "गेल्या बाजारी."

"आठ दिस," नर्मदाबाई म्हणाली. "आठ दिस माज्या घरात व्हतं ह्ये. अन् तू कामून गप व्हतीस?"

 आतल्या खोलीच्या दाराशी नर्मदाबाईची दोन नातवंडं पुढ्यात ताटल्या घेऊन मांडी घालून बसली होती. कालवण कधी होणार, हे विचारून विचारून ती कंटाळली होती.